शेवटी आलेल्यांची मजुरी

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. सोलापुरात तो वाचायला घेतला की ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. द्राक्षमळ्याचा एक मालक भल्या पहाटे मजूर आणायला चौकात जातो आणि दिवसाला एक दीनार ठरवून काही जणांना मळ्यात पाठवतो. नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना तो पाचव्यांदा चौकात येतो, तेव्हा तिथे अजूनही काही माणसे उभी असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. कोणी कामावर घेतलेच नाही, एवढेच ते सांगतात. तो त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर, असे तो कारभाऱ्याला सांगतो. तासभर राबलेल्यांच्या हातावर अख्खा दीनार पडतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटते, आता आपल्याला जास्त मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो, आणि ते कुरकुरू लागतात.

हा दाखला ऐकून सोलापूरकर गप्प राहत नाही, याला कारण आहे. हे मजुरीचे शहर आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. गिरण्या बंद पडल्या, पण मोजून मजुरी देण्याची रीत गेली नाही. यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्याचे पैसे मालावर ठरतात. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि हजार पुरे झाले की ते कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या तिच्या हिशेबात धरल्या जात नाहीत. अशा घरात हा दाखला वाचला तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग पहाटे उठायचे कशाला?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि पुढच्या पानांतली मनने त्याला बगल देत नाहीत, म्हणून मला ती मोलाची वाटतात. देवाची दया या विषयावर मराठीत लिहिले गेलेले बरेचसे साहित्य गोड आहे. पण गोडवा आला की प्रश्न विचारायचा संकोच वाटू लागतो. येशूचे दाखले मात्र ऐकणाऱ्याला अडवतात. ऐकणारा चिडावा अशीच त्यांची मांडणी आहे.

पाच वाजता चौकात उभी असलेली माणसे कोण होती? प्रवचनांत अनेकदा सांगितले जाते की, ही आयुष्याच्या शेवटी पश्चात्ताप करणारी माणसे. हा अर्थ अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण मूळ दाखल्यात त्यांनी दिलेले कारण त्यात हरवते. ती आळशी नव्हती आणि उशिरा उठलेलीही नव्हती. ती दिवसभर उभी होती आणि त्यांना कोणी निवडले नव्हते. गिरणीच्या काळात सोलापुरात अशा माणसाला बदली कामगार म्हणत. हजेरीपटावर त्याचे नाव कायम नसे. पाळी सुरू व्हायच्या वेळी तो फाटकाशी येऊन थांबे. कोणी गैरहजर राहिला तर जॉबर, म्हणजे मुकादम, त्याला आत घेई, नाहीतर तो आल्या पावली परत जाई, आणि त्या दिवशी घरात पैसा येत नसे. ज्याचे वय झाले आहे, ज्याचा खोकला ऐकू येतो, ज्याची जात मुकादमाला खपत नाही, ज्याची गावात कोणाशी ओळख नाही, तो चौकात शेवटपर्यंत उरतो. मालकाने त्यांना विचारलेला प्रश्न मी पूर्वी झाडाझडती म्हणून वाचत असे. आता मला ती विचारपूस वाटते. त्यांच्याशी त्या दिवशी बोललेला बहुधा तो पहिलाच माणूस असावा.

दीनार म्हणजे त्या काळी एका मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची त्या दिवसाची चूल. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. तासभर राबलेल्याला दीनाराचा बारावा हिस्सा देणे हिशेबाला धरून झाले असते. पण त्या बाराव्या हिश्शात त्याच्या मुलांचे पोट भरले नसते. मालकाने घड्याळ बाजूला ठेवले आणि घर पाहिले. पहाटेच्या मजुरांशी जे ठरले होते त्यातले त्याने काहीही कापले नाही. त्यांच्यावर अन्याय झाला नाही, फक्त इतरांना त्यांच्या बरोबरीने मिळाले. माणसाला स्वतःला कमी मिळाल्याचे दुःख असते, तसे दुसऱ्याला आपल्याइतके मिळाल्याचेही असते, आणि हे दुसरे दुःख आपण सहसा न्यायाच्या नावाखाली मांडतो.

या दाखल्यात एक बारीक तपशील आहे आणि माझ्या मते सगळा दाखला त्याच्यावर उभा आहे. मालकाने पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर कुरकुर झालीच नसती. ते आपापला दीनार घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि मागून कोणाला किती मिळाले ते त्यांना कळलेही नसते. त्याने मुद्दाम उलटा क्रम लावला. शेवटच्यांना मिळणारे पहिल्यांनी पाहावे, अशी त्याची इच्छा होती. गुपचूप दान करणे सोपे आहे आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. हा मालक मात्र सर्वांच्या देखत देतो, आणि जे आधीपासून मळ्यात आहेत त्यांनी त्या देण्यात आनंद मानावा, अशी अपेक्षा धरतो. ख्रिस्ती श्रद्धेत देवाच्या दयेचे दोन भाग आहेत: देव देतो, हा एक, आणि दुसऱ्याला मिळताना पाहून आपले मन कसे होते, हा दुसरा. पहिल्या भागावर आमच्या उपासनांत पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्यावर फार थोडे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. हा दाखला कामगारांना गप्प बसवायलाही वापरला गेला आहे. मालक देईल ते गोड मानून घ्या, कुरकुर करू नका, असा अर्थ काढून वेतनवाढ मागणाऱ्याला अश्रद्ध ठरवता येते. शास्त्राने याला वाव ठेवलेला नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. देवाचे औदार्य न्यायाच्या वरची पायरी आहे, आणि खालची पायरी काढून घेतल्यावर वरची कशी टिकणार? ठरलेली मजुरी बुडवणाऱ्याने या दाखल्याचा आधार घेऊ नये, कारण यातला मालक ठरल्यापेक्षा कोणालाही कमी देत नाही.

येशूच्या वागण्यातही एक क्रम दिसतो: प्रेम आधी, पश्चात्ताप नंतर. यरीहो गावातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य. लोकांना नाडून श्रीमंत झालेला. उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या त्याला येशू हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. त्या वेळी जक्कयाने कशाचीही कबुली दिलेली नसते. लोक कुरकुरतात, मळ्यातल्या मजुरांसारखीच ही कुरकुर आहे. आणि मग, पाहुणा घरी आल्यावर, जक्कय उभा राहून सांगतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. दया मिळाली म्हणून हिशेब पुसला गेला, असे इथे झालेले नाही. दया मिळाली म्हणून त्याला पहिल्यांदा खरा हिशेब करता आला. शिक्षेच्या भीतीने त्याने तो कधीच केला नसता; भीतीपोटी माणूस वह्या लपवतो. क्षमा फुकट असते, पण क्षमा मिळालेला माणूस लुटलेले पैसे खिशात ठेवून फिरू शकत नाही. सोलापूर असो की जगातले दुसरे कोणते गाव, क्षमेवरच्या प्रवचनात जक्कयाचे हे चौपट फार लवकर विसरले जाते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलम इथे वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. ज्या बायकांना समाजाने टाकले त्यांना इथे माणूस म्हणून वागवले जाते, हे पाहून त्या हेलावल्या. असे करावेसे या बायांना का वाटते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची ती गोष्ट. पाप्यांवरची ख्रिस्ताची अपार प्रीती रमाबाईंना त्या गोष्टीत भेटली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या, विधवा झालेल्या, एका मुलीच्या आईला त्या विहिरीवर काय दिसले असेल, याचा विचार प्रत्येक मराठी वाचकाने करावा.

भर दुपारची वेळ. येशू चालून थकला आहे आणि याकोबाच्या विहिरीच्या कडेला बसला आहे. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तिथे एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते, एकटी, बायका पाण्याला येत नाहीत अशा वेळी. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आपल्या महाराष्ट्रात ही ओळ वाचून पुढे जाता येत नाही. पाणी आणि भांडे यांवरून इथे माणसांची उतरंड रचली गेली; २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा लढा ठरला. त्या विहिरीवर देवाचा पुत्र वरून पाणी ओतत नाही. तो तिच्या भांड्यातले पाणी मागतो आणि स्वतःला घेणाऱ्याच्या जागी ठेवतो. तिला पहिले नवल वाटते ते याचेच. तिच्या आयुष्यातले पाच नवरे, आताचा सहावा पुरुष, हे सगळे येशूला ठाऊक आहे आणि तो ते तिच्या तोंडावर बोलतो. पण पाणी मागितल्यानंतर. ज्याने आपल्याकडे पाणी मागितले त्याच्यापुढे खरे बोलण्याची लाज वाटत नाही. ती घागर तिथेच टाकून गावात धावत जाते आणि ज्या लोकांना टाळत होती त्यांनाच बोलावून आणते.

रमाबाईंनी पुढे पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला मुक्तिसदन उभारले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका तिथे आणल्या. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी त्याच आवारात कृपासदन होते. फुलमला जे पाहिले ते त्यांनी माळरानावर मराठीत उतरवले. आणि ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवेपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करत राहिल्या, बाईमाणसाला कळेल अशा सोप्या मराठीत.

देवाच्या दयेची ही वार्ता मराठी मुलखात परकी म्हणून आली, असे मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले, तेव्हाच ती मराठीच्या चालीत बसली होती. आणि तिच्यासाठी जमीन त्याआधीच नांगरलेली होती. सोलापूर जिल्ह्यातच मंगळवेढे आहे. तिथल्या दामाजीपंतांची कथा इथल्या प्रत्येक आजीने सांगितलेली असते. दुष्काळात लोक तडफडत होते, दामाजींनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली, बादशहाचा कोप झाला, आणि विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. ऋण माणसाने केले आणि ते देवाने फेडले. तेही गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याचे रूप घेऊन. क्रूसाची गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्या मंगळवेढ्याच्या माणसाला ती अनोळखी वाटण्याचे कारण नाही. दोन्ही एकच आहेत, असे मी म्हणत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ते ऋण मोहरांनी फिटलेले नाही. पंतय पिलाताच्या अमदानीत, यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका देहावर खिळे ठोकले गेले. पण देव दुसऱ्याचे देणे आपल्या अंगावर घेतो, ही कल्पना पचायला या भूमीला जड गेली नाही.

त्याच मंगळवेढ्याचे चोखोबा. विठ्ठलावर त्यांच्याइतका जीव कोणी लावला असेल? त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्याच पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ साली टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला, कारण विधवा लपूनछपून तिथे येत, बाळंत होत, आणि मूल टाकून जात. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात खोदवलेला तलाव आजही गावाच्या मध्यात आहे. देवाची करुणा फक्त ख्रिस्ती मंडळीच्या आवारातच फिरते, असे ज्याला वाटते त्याने आपला जिल्हा नीट पाहिलेला नाही. योनाच्या पुस्तकातला देव निनवेचीही काळजी करतो, आणि निनवे तर शत्रूचे शहर होते.

नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. शत्रूवरही प्रीती करा, देव चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच सूर्य उगवतो, हे तिथले बोल. टिळकांनी मग ख्रिस्त अभंगात गायला. पण या विषयात मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा धर्म सोडून गेला म्हणून त्यांनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून कसे गळून पडले तेही तिथेच आहे. त्यांना कोणी वादात हरवले नव्हते. माणसे देवाने केली आणि जाती माणसांनी, हे त्यांचे त्यांना उमगले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे लिहिले.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. या संस्थेने मुंबईला १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरुवात केली होती. १८७६–७७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा उजाड केला, आणि १८९९–१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आवारांत आली. मुलींसाठी वोरोनोको शाळा, मेरी हार्डिंग यांची बालवाडी, शिक्षिका घडवण्याचे वर्ग, हे सगळे त्यातून उभे राहिले. चार-पाच वर्षांच्या मुलाने गाणी म्हणत, खेळत शिकावे, ही गोष्ट तेव्हा नवी होती. आईबाप नसलेल्या मुलाने हसत शिकावे, ही त्याहून नवी.

याच शहरात दयेची कसोटी पाहणारी दुसरी जागा होती, सेटलमेंट. १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांवर जन्मापासून गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. रोज हजेरी, बाहेर जायचे तर परवाना, आणि दिवसा गिरणीत काम. काही काळ या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होता. मिशनने तिथे शाळा चालवल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मुलांना कपडे दिले. ते काम प्रेमाने झाले, यात मला शंका नाही. पण तारेच्या आत शाळा चालवणारे आणि तारेबद्दल न बोलणारे प्रेम अर्धे राहते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि ते समाज विमुक्त झाले. कुंपण हटवणारा कायदा संसदेतून आला, व्यासपीठावरच्या प्रवचनातून नव्हे. हे आम्हा ख्रिस्ती लोकांनी लक्षात ठेवले पाहिजे. आज त्या भागाला सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात, आणि तिथल्या माणसांना नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना अजूनही विचार करावा लागतो.

हे अर्धेपण एका माणसाने सोलापुरात येऊन आमच्या पूर्वजांना तोंडावर सांगितले होते. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इथल्या ख्रिस्ती समाजासमोर भाषण झाले. येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेला सव्वादोन वर्षे झाली होती आणि ते कोणता धर्म स्वीकारणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. धर्मांतराचा विचार करताना आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्ती विचारात घ्याव्याशा वाटतात, असे त्यांनी सांगितले. सभेतल्या किती जणांची छाती तेव्हा फुलली असेल! पण पुढचे बोल कडू होते. दक्षिणेत ख्रिस्ती झालेले लोक देवळातही जात पाळतात, ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहिला आहे, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून तो कधी लढलेला नाही, असे ते म्हणाले. ख्रिस्ताबद्दल त्यांच्या मनात आदर होता. प्रश्न ख्रिस्ताच्या माणसांबद्दल होता. पावणेएकोणीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली.

मला हे भाषण मळ्याच्या दाखल्याशेजारी ठेवून वाचावेसे वाटते. बाबासाहेबांनी पहाटेच्या मजुरांना विचारले होते की, तुमच्याबरोबर उभे राहणाऱ्यांसाठी तुम्ही काय केले. दीनार मिळाल्याचा आनंद आमच्यात होता, शाळा होती, दवाखाना होता, रविवारची उपासना होती. पण चौकात अजून उभ्या असलेल्यांकडे पाहणारे थोडे होते. आजही महाराष्ट्रात महार, मांग आणि इतर दलित समाजांतून आलेल्या ख्रिस्ती घरांना दुहेरी ओझे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा त्यांना मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला, त्यांना नाही. मंडळीबाहेर त्यांची जात विसरली जात नाही आणि मंडळीत लग्न ठरवायची वेळ आली की तीच जात पुन्हा आठवते. देवाने सर्वांवर सारखीच दया केली, असे आपण उपासनेत एका आवाजात म्हणतो. मग वधूवरांच्या जाहिरातींत कोणते शब्द येतात, ते वाचकाने स्वतः पाहावे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र सर्वांना माहीत असतो. त्याचा थोरला भाऊ मात्र आमच्या मंडळ्यांत फारसा चर्चेत नसतो, आणि या पुस्तकात त्याच्यावर सर्वांत लांब मनन आहे, हे मला योग्य वाटते. धाकटा वाटणी घेऊन गेला, सगळे उधळले, डुकरे चारत उपाशी राहिला, आणि घरी परतला. बाप त्याला लांबून पाहतो आणि धावत सुटतो. खेड्यातला प्रतिष्ठित म्हातारा भर रस्त्यावर धावत नाही. हा धावतो, लोकांना काय वाटेल ते न पाहता. अंगरखा, अंगठी, जोडे, मेजवानी. थोरला शेतातून येतो, वाजप ऐकतो, चाकराला विचारतो, आणि घरात यायला नकार देतो. तो वाईट माणूस नाही. त्याने कधी आज्ञा मोडली नाही, आणि तेच तो बापाला मोजून दाखवतो. इतकी वर्षे चाकरी केली, मला करडूही दिले नाहीस. त्याच्या बोलण्यात ‘माझा भाऊ’ हा शब्द येत नाही. ‘हा तुझा मुलगा’ असे तो म्हणतो. आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. धाकट्यासाठी रस्त्यावर, थोरल्यासाठी अंगणात. त्याला कोणी ओढत आत नेत नाही. बाप विनवणी करतो आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.

चर्चमध्ये जन्मलेल्या, रविवारी वेळेवर येणाऱ्या, दशमांश देणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट जास्त अवघड आहे. आमच्यातल्या पुष्कळांचे नाते बापाशी नसून बापाच्या हिशेबवहीशी असते. दया हरवलेल्यांसाठी असते, असे धरून आपण तिच्याकडे बाहेरून पाहतो, आणि दुसऱ्याला मिळालेली दया पाहून आपला दिवस कडू होतो. थोरल्यालाही दया हवी आहे, पण त्याला ती मागता येत नाही, कारण मागण्यासाठी आधी रिकामे व्हावे लागते.

मननांचा क्रम संपादकांनी मुद्दाम वेगळा लावला आहे. आरंभी द्राक्षमळा, मध्ये जक्कय, शोमरोनी स्त्री आणि दोन भाऊ, आणि अखेरीस योना. योनाचे पुस्तक जुन्या करारातले असूनही ते शेवटी का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर योनाच्या गोष्टीतच आहे. योनाला निनवेत पाठवले गेले. तो उलट दिशेला पळाला. शेवटी गेला, आणि निनवेने पश्चात्ताप केला. तेव्हा देवाने शिक्षा आवरली आणि योनाला राग आला. देव कृपाळू आहे हे मला आधीच ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो, असे तो म्हणतो. देवाच्या दयेबद्दल तक्रार करणारा शास्त्रातला तो एकमेव संदेष्टा नसेल, पण सर्वांत स्पष्ट बोलणारा आहे. ज्याला आपण शत्रू म्हणतो त्याच्यावरही देव दया करतो, हे त्याला सोसवत नाही. योनाच्या पुस्तकाचा शेवट देवाच्या एका प्रश्नाने होतो. त्या मोठ्या शहरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्यांची कीव मी करू नये का, असा तो प्रश्न आहे. गुरेही आहेत, हे विशेष.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच गल्लीत राहतात. हे पुस्तक उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून येणाऱ्या चाळीस दिवसांत, घरोघरी एकत्र बसून वाचण्यासाठी तयार झाले आहे. ते फक्त ख्रिस्ती घरांत वाचले जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. ज्यांनी दामाजींची कथा ऐकली आहे, ज्यांच्या आजोबांनी सेटलमेंटची हजेरी दिली आहे, ज्यांच्या आईने बिड्या वळून घर चालवले आहे, त्यांना यातल्या दाखल्यांबद्दल आमच्यापेक्षा जास्त सांगता येईल. प्रत्येक मननाच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत. ते वाचून झाल्यावर शेजारच्या घरातल्या कोणाला तरी बोलवा, आणि आधी त्यांना बोलू द्या.